शालिग्रामचा हातगुण

मोठं लाकूड चिरायला दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा. वरच्यानं ओंडक्यावर उभं राहून करवत वर खेचायची, खालच्यानं खड्ड्यात उभं राहून खाली. ओंडक्यावर मारलेली सुताची रेघ वरच्याला दिसते. खालच्याला दिसतो तो फक्त भुसा. फळी सरळ निघाली की लोक वरच्याचं नाव घेतात, आणि वाकडी निघाली तर खालच्यानं ओढ चुकवली असं म्हणतात. संग्रामपूरचा शालिग्राम उमेदीची सगळी वर्षं खालचा म्हणून राहिला. वरचा होता कडूबा.

शालिग्राम खालचा कसा झाला, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. घरच्या वांग्या-मिरच्यांच्या मळ्यात थोरल्या भावाचा संसार कसाबसा मावायचा, म्हणून धाकट्यानं करवत धरली. पहिल्याच दिवशी कडूबा ओंडक्यावर चढला, तेव्हा उरलेल्या जागी हा उभा राहिला, आणि मग तीच त्याची जागा झाली. भुशानं त्याचे डोळे कायम लाल असायचे. नवखे लोक त्याला दारुडा समजत. त्यानं आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं, पण हे तो कोणाकोणाला सांगत बसणार? सोयरिकीच्या वेळी त्याच्या बायकोच्या, सोजराबाईच्या बापानंही तीच शंका काढली होती, आणि तिथंही शालिग्रामच्या वतीनं बोलला तो कडूबाच.

पण वाईट नव्हतं त्यांचं. दोघं एका ताटात जेवत. एकाच्या खोकल्यावरून दुसऱ्याला कळायचं की आता थांबायचं आहे. अशी जोडी जमायला नशीब लागतं, असं अख्खं गाव म्हणायचं. म्हणताना बघायचं मात्र कडूबाकडे.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा लागतो. तिथल्या जंगलाचे तुकडे सरकार तोडीसाठी लिलावात काढी. खामगावचे वामनराव ठेकेदार त्यातला एक तुकडा दरवर्षी घेत, आणि ही जोडी त्यांच्याकडेच कामाला असे. त्या वर्षी वामनरावांनी मुंबईहून एक जुनं यंत्र आणलं. पेट्रोलवर चालणारा आरा. पुढं लांब पट्टी, पट्टीवर दात असलेली साखळी, मागं इंजिन. दोर ओढला की गुरगुरायचा, आणि दोघांना दुपारपर्यंत पुरणारा साग न्याहारीच्या आत आडवा करून चिरूनही टाकायचा.

आणि तो धरायला एकच माणूस लागायचा.

तो एकटा कोण, हे वामनरावांनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी मशीन उचलून कडूबाच्या हातात दिलं. सोबत आलेल्या माणसानं एक दिवस चालवून दाखवलं आणि तो परत गेला. दुसऱ्या दिवशी शालिग्राम सकाळी उठून पडावावर, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या तळावर, आला, तर त्याच्यासाठी खड्डाही नव्हता. तो उगाच इकडचं लाकूड तिकडं करत राहिला. वामनरावांच्या ते लक्षात आलं असावं, किंवा त्यांना कडूबाच्या तोंडातल्या विडीची धास्ती वाटली असावी. ती विडी झोपेत तेवढी सुटायची. त्यांनी हुकूम काढला की पेट्रोलच्या डब्याला आणि मशीनच्या टाकीला कडूबानं हात लावायचा नाही, मशीनमध्ये पेट्रोल घालायचं ते शालिग्रामनं. झालं, एकाला मशीन मिळालं आणि एकाला डबा. शालिग्राम डबा घेऊन कडूबाच्या मागून फिरू लागला. निदान कामावर तरी आहोत, एवढ्यावर त्यानं समाधान मानून घेतलं. न मानून सांगतो कोणाला!

दसरा आला. पडावावर त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कुऱ्हाडी, करवती, वाकस, सगळं धुऊनपुसून सालईच्या झाडाखाली मांडलं. वयानं सगळ्यांत मोठा म्हणून पूजेचा मान शालिग्रामचा. वर्षात एवढा एकच मान त्याच्या वाट्याला यायचा, तेव्हा तो पूजा मनापासून करायचा. तेलात शेंदूर कालवला. कडूबानं थाळी धरली. कुऱ्हाडीला पात्यावर बोट ओढायचं, करवतीला मुठीवर, हे सगळं ठरलेलं. मशीनपाशी येऊन मात्र शालिग्राम अडला. याचं कपाळ कुठं? त्यानं मशीन चहूबाजूंनी पाहिलं. वरच्या अंगाला पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण होतं. तेच त्याला कपाळासारखं दिसलं. त्यानं त्यावर अंगठ्यानं चांगला जाड शेंदूर थापला, वर चार अक्षता चिकटवल्या आणि हात जोडले. सगळ्यांनीच जोडले.

त्यानंतर मशीन बिघडलं.

म्हणजे पूर्ण बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चांगलं चालू व्हायचं, थोडा वेळ कापायचं, मग आवाज चढायचा, खोकल्यासारखं करायचं आणि झाडाच्या अर्ध्यातच मरायचं. मग कडूबा दोर ओढओढ ओढायचा. खांदा भरून यायचा, कपाळाची शीर उडायची, आणि मशीन नुसतं फुरफुरायचं. त्यानं प्लग काढून पुसला, त्याची ठिणगी पाहिली. ठिणगी पडत होती. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून शालिग्रामला डब्यातलं फडक्यातून गाळून पाहायला लावलं. हवेची जाळी काढून झटकली. साखळीत अडकलेला भुसा काडीनं कोरून काढला. मशीन तापलं असेल म्हणून सावलीत ठेवून वारा घातला. एवढं बायकोचं तरी कोणी करतं का! मशीन ढिम्म.

हात टेकून कडूबा शेवटी म्हणाला की पेट्रोल तरी आहे का बघ. शालिग्राम पुढं झाला, झाकण फिरवलं. आतून फुस्स असा आवाज आला, जसा काही मशीननं उसासा सोडला. पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. त्यानं झाकण परत लावलं. कडूबानं काही आशा न ठेवता दोर ओढला, आणि मशीन एका ओढीत गरजलं.

पुन्हा बंद पडलं तेव्हाही असंच झालं. तिसऱ्या वेळीही तसंच. प्लग, जाळी, साखळी, सगळं तपासून झालं की शेवटी शालिग्राम झाकण उघडून पेट्रोल बघायचा, आणि मशीन चालू व्हायचं. एकदा तो बाजारासाठी संग्रामपूरला उतरला, तर अर्धा दिवस मशीन मेलेलं पडून राहिलं. तो पिशवी घेऊन वर आला, मशीनपाशी बसला, झाकण उघडून लावलं, आणि कडूबाच्या पहिल्या ओढीला साखळी फिरली. त्या दिवशी पडावावर पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, याच्या हातालाच गुण आहे.

खालच्या माणसाला असं कोणी आजवर म्हटलं नव्हतं.

सुरुवातीला तो लाजला. मग लोक म्हणत गेले आणि त्याला ते पटत गेलं. का पटू नये? मशीन त्याच्यासमोरच उठत होतं. मशीन बंद पडलं की कडूबा आता प्लगला हातही लावीना, सरळ हाक मारायचा. शालिग्राम घाई करायचा नाही. हात धुवायचा, मारुतीचं नाव घ्यायचा, मशीनच्या पाठीवरून तळवा फिरवायचा, झाकण उघडायचा, उसासा ऐकायचा, झाकण लावायचा, आणि कडूबाकडे न बघता म्हणायचा, "ओढ." कडूबा ओढायचा. इतकी वर्षं ज्याच्या खोकल्यावर करवत थांबवली, तो आता याच्या शब्दावर दोर ओढत होता. शालिग्राम ताठ चालू लागला. सोजराबाईनं सुद्धा शेजारणीला सांगितलं की आमच्या ह्यांच्या बगर इंजन चालत नाही. दर शनिवारी तो झाकणावर नव्यानं शेंदूर चढवायचा. पहिल्या थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मशीन पहिल्यापेक्षा लवकर लवकर बंद पडू लागलं, तशी त्याची गरज वाढत गेली, आणि गरज वाढली तशी त्याची भक्ती. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि त्याला तो सातपुडा वाटत होता.

तोड मागं पडत चालली तसे वामनराव वैतागले. त्यांचा देवावर विश्वास होता, पण तो खामगावच्या घरी. त्यांनी खामगावहून वैजनाथ मिस्त्रीला आणलं. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस, चेहरा कायम कंटाळलेला. त्यानं मशीन चालू करायला लावलं आणि गप्प ऐकत बसला. मशीन खोकलं आणि बंद पडलं. कडूबानं सवयीनं शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्राम हात धुवायला उठला. मिस्त्रीनं विचारलं, हा कुठं चालला? लोकांनी मोठ्या कौतुकानं हातगुणाची हकीकत सांगितली. मिस्त्री म्हणाला, करू दे त्याला जे करतो ते.

शालिग्रामनं सगळं साग्रसंगीत केलं. झाकण उघडताना फुस्स झालं, आणि मिस्त्रीनं त्याचा हात तिथंच धरला. झाकण काढून घेतलं, उजेडात धरलं, नखानं शेंदराचा थर खरवडला. थराखाली सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. त्यानं बाभळीचा काटा मागवला, भोकात घालून फिरवला, फुंकर मारली, झाकण लावलं आणि मशीन कडूबाच्या हातात दिलं. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते अखंड चाललं.

मग मिस्त्रीनं समजावलं. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तशी वरून तेवढी हवा आत यावी लागते. ती या भोकातून येते. भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही आणि मशीन बंद. झाकण उघडलं की हवा आत शिरते, म्हणून परत चालू. कोणीही उघडलं असतं तरी झालं असतं. कुत्र्यानं उघडलं असतं तरी, असंही तो म्हणाला. ते म्हणायची काही गरज नव्हती.

"शेंदूर कोनं लावला थो?" त्यानं विचारलं.

उत्तराची जरुरीच नव्हती, सगळे शालिग्रामकडे बघत होते. मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि बांध फुटला. एकानं हात धुतल्याचं सोंग केलं. दुसऱ्यानं डोळे मिटून मशीनवरून तळवा फिरवला आणि शालिग्रामच्या आवाजात म्हणाला, "ओढ." वामनराव पोट धरून हसले. त्यांचं नुकसान झालं होतं, पण कारण इतकं मजेचं निघाल्यावर रागवावं कोणावर? भोळा आहे बिचारा, असं ते मिस्त्रीला सांगत होते. शालिग्राम कडूबाकडे बघत होता. कडूबानं आधी तोंडावर हात धरला. मग तो हात काढून टाकला आणि तोही हसला, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पूजेची थाळी यानंच धरली होती.

खड्ड्यात उभं राहून शालिग्रामनं इतकी वर्षं भुसा खाल्ला, तेव्हा हसण्याइतकीही दखल त्याची कोणी घेतली नव्हती. आता घेतली ती ही अशी. आणि हे आजच्यापुरतं नव्हतं. उद्या, परवा, मरेपर्यंत, प्रत्येक बंद पडलेल्या यंत्रापाशी कोणीतरी हात धुतल्याचं सोंग करणार होतं.

"मले ठाऊक होतं," तो म्हणाला.

पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "मले ठाऊक होतं थे भोक. म्याच बुजवलं. जानून."

हसणं पटकन थांबलं. वामनरावांनी विचारलं, काय म्हणालास? शालिग्रामनं तेच पुन्हा सांगितलं, आणि बोलता बोलता त्याला शब्दही सुचत गेले. माझी जागा मशीननं खाल्ली, म्हणून मी मशीन बंद पाडत होतो. पाहिजे तेव्हा बंद, पाहिजे तेव्हा चालू. तुम्हाला इतके दिवस पत्ता लागला नाही. एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. कोणीही हसत नव्हतं. मिस्त्रीचा कंटाळासुद्धा उडाला होता. वामनरावांचा चेहरा काळा पडला. अन्नाशी बेइमान, साप, असं तोंडाला येईल ते बोलून त्यांनी त्याला गाठोडं उचलायला सांगितलं. कडूबा पुढं आला, काहीतरी बोलणार होता, पण शालिग्रामनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच राहिला. गाठोडं खांद्यावर टाकून शालिग्राम जंगलाची वाट उतरला. पाठीमागं सगळे गप्प होते, आणि ती शांतता त्याला हातगुणापेक्षा गोड लागली.

गोडी फार टिकली नाही. बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती. दुसऱ्या ठेकेदारांनी दारातूनच वाटेला लावलं. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेला, तर इंजिनवाल्यानं त्याला बाहेर उभं केलं. हा माणूस यंत्राला काय करील सांगता येत नाही, असं तो इतरांना हळूच म्हणाला. शालिग्रामनं ते ऐकलं आणि त्याला बरं वाटलं. हे खरं आहे, लपवून काय करायचं! जन्मात कोणी त्याच्याविषयी आवाज दाबून बोललं नव्हतं.

घरी मात्र सोजराबाईनं बोलणं टाकलं. तिनं एकदाच विचारलं होतं, "खरं सांगा, तुमीच केलं काय हो?" त्यानं हाव म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. ताट पुढं सरकवायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. तिनं दारुडा असल्याच्या संशयासकट हा माणूस पत्करला होता, आणि तो निर्मळ निघाला याचा तिला आतून अभिमान होता. तो आता गेला. दिराच्या मळ्यात ती खुरपायला जाऊ लागली, तर तिथंही जावेनं टोमणा मारला. शालिग्रामला हे दिसत होतं. कितीदा त्याच्या ओठांवर आलं की अगं, मला काहीच ठाऊक नव्हतं. पण मग तिला ते सगळं सांगावं लागलं असतं, हात धुणं, तळवा फिरवणं, मशीनचा उसासा. बेइमान नवरा तिला सोसत नव्हता. येडा नवरा तरी सोसेल का, याची त्याला खात्री नव्हती. जी काही इज्जत शिल्लक होती ती एका खोट्यावर उभी होती, आणि त्याला ती राखायची होती.

एका सकाळी कडूबा आला. तोंडात विडी, चेहरा उजळलेला, दारातूनच हसत आत आला. तो म्हणाला की आता काळजी सोड, मी सगळं निस्तरून आलो. सोजराबाई चुलीपाशी होती, तिच्याकडेही वळून तो सांगू लागला. इतके दिवस त्याला झोप नव्हती. जोडीदारावर एवढा मोठा आळ, आणि आपण बघत राहायचं? काल तो सगळ्या पडावासमोर वामनरावांपुढं उभा राहिला.

"देवाची आन घेतली म्या, वहिनी," तो म्हणाला. "म्हटलं, मालक, थाळी म्या धरली होती. याले काई म्हंजे काई समजत नोहतं. भोक कायचं अन् हवा कायची! थो मशीनचं कपाळ पाहून राह्यला होता. अन् त्या दिवशी तुमी हासले, म्हून लाजंनं खोटं बोलला."

मग काय झालं, हे त्यानं आनंदानं सांगितलं. वामनरावांना आधी पटेना. कडूबानं त्यांना सगळं करून दाखवलं, झाकण कसं निवडलं, शनिवारी शेंदूर कसा चढवायचा, मारुतीचं नाव कसं घ्यायचा. मग पटलं. मालक हसले, म्हणाले, आण त्या येड्याला, लाकडं उचलायला ठेवू. कोणाच्या मनात आता काही राग नाही.

सोजराबाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरत गेलेलं शालिग्रामला स्पष्ट दिसलं. तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं, आणि मग ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, सुटल्यासारखी, डोळे पुसत पुसत. "मायवं," ती म्हणाली, "मले वाटलं मानूस बिघडला. ह्ये तं निस्तं भोळं निघालं." तिनं लगेच चहाचं आधण ठेवलं आणि शालिग्रामच्या हातात पहिला कप दिला, मायेनं, लहान पोराला द्यावा तसा.

चहा झाल्यावर दोघं अंगणात आले. शालिग्रामसाठी आयुष्यात कोणी इतकं केलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. ज्यानं केलं त्याच्या तोंडाकडे त्याला पाहवत नव्हतं.

"मले बेइमानच राहू द्याचं होतं बे, कडूबा," तो म्हणाला.

कडूबाला ते समजलं नाही. "बेइमान राहून काय भेटलं असतं तुले?" त्यानं विचारलं. घरात सोजराबाई शेजारणीला बोलावून सगळी हकीकत सांगत होती, आणि दोघी हसत होत्या.

शालिग्रामनं सोमवारी सकाळी किती वाजता यायचं, एवढंच विचारलं.